माझगावची चिनी खाला

दुबईत माझी पहिली मैत्रीण झाली ती चिनी होती, आणि ती माझ्याशी मराठीत बोलायची.

निकाहानंतर वर्षभराने, चौसष्ट साली, नवऱ्याने मला मुंबईहून बोटीने बोलावून घेतलं. तो बर दुबईत खाडीजवळच्या एका व्यापारी पेढीत शिपिंग क्लार्क होता. तिथल्याच एका गल्लीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. पाणी गाढवावरच्या डब्यांतून यायचं. आज अल मनखूलच्या इमारती उभ्या आहेत तिथे तेव्हा नुसती वाळू होती, आणि दुपारी वारा सुटला की ती आमच्या ताटात यायची. नवरा सकाळी पेढीवर जायचा, दुपारी जेवून पुन्हा जायचा. शेजारच्या अरब बायका मायाळू होत्या, पण "यल्ला" आणि "इन्शाल्ला" या दोन शब्दांवर माणूस किती बोलणार? मी रत्नागिरीच्या खाडीकाठची. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले होते. पुढे शिकायचं होतं, ते लग्नात राहून गेलं.

लवकरच मला दिवस गेले, आणि सहाव्या महिन्यात माझी दाढ दुखायला लागली. लवंग धरली, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, काही होईना. शेवटी नवरा मला तीन गल्ल्या पलीकडे एका चिनी दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. पुढच्या खोलीत एक जुनी लोखंडी खुर्ची, भिंतीवर दातांचं चित्र, खिडकीत पिंजरा आणि पिंजऱ्यात साळुंकी. खुर्चीत बसले आणि मला रडू फुटलं. तोच एक बुटकी, गोरी, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई चूळ टाकायची चिलमची घेऊन पुढे आली आणि म्हणाली,

"घाबरू नको गो पोरी. तोंड उघड. त्याचा हात लय हलका हाय."

मी रडायचंच विसरले.

ती माझगावात जन्मली होती. तिचा बाप गोदीत सुतार होता. शेजार सगळा कोळ्यांचा, म्हणून तिची मराठी मासळीबाजारातली होती. डॉक्टर तिचा नवरा. ते हिंदी बोलायचे, मुंबईची हिंदी. त्यांनी दाढ न काढता औषध भरलं आणि बाळंतपणानंतर या म्हणाले.

बाहेर पडताना दारात एक अरबी वर्तमानपत्राचं पान उडत आलं. आमच्याकडे अरबी अक्षरं असलेला कागद पायाखाली येऊ देत नाहीत, मग त्यावर साबणाची जाहिरात का असेना. मी पोट सांभाळत वाकले, पान उचललं, भिंतीच्या फटीत खोचलं. मागून ती बघत होती.

"तुमच्यात पण असं करतात?" तिने विचारलं. "आमच्यात पण. लिवलेला कागद केरात टाकायचा नाय. जाळायचा, आणि राख वाहत्या पाण्यात सोडायची. माझा बा रस्त्यावरचे कागद येचत घरी यायचा. लोक हसायचे." मग म्हणाली, "दुपारला काय करतेस? येत जा."

मी जायला लागले. तिला मी खाला म्हणू लागले, मावशी म्हणण्यासारखंच ते. तिला तो शब्द आवडला. 

खाला मुंबईत चिनी मुलांच्या एका छोट्या शाळेत बावीस वर्षं मास्तरीण होती. मला वाटलं होतं, गप्पा होतील, चहा होईल. चहा व्हायचा, दुधाविना, साखरेविना. पण तिसऱ्याच दिवशी तिने माझ्यापुढे एक काळा दगड ठेवला, त्यावर चमचाभर पाणी टाकलं आणि शाईची कांडी हातात दिली.

"उगाळ."

सहाणेवर चंदन उगाळतात तसं उगाळायचं. घाईने उगाळलं तर शाई खरबरीत होते. पहिला आठवडा मी फक्त शाई उगाळली. त्यानंतर ब्रश दिला. आमची टाक धरायची सवय. तिने माझी बोटं सोडवून ब्रश सरळ उभा धरायला लावला, आणि एक आडवी रेघ काढायला सांगितली. त्यांच्यात एक हा आकडा म्हणजे एक आडवी रेघ. नवऱ्याच्या पेढीतले रद्द झालेले फॉर्म मी आणायचे आणि त्यांच्या पाठीवर रेघा काढायचे. दोन महिने मी एकच काढत होते.

"खाला, दोन कधी?"

"एक आली की."

ती कठोर मास्तरीण होती. चांगलं झालं तर काही बोलायची नाही, वाईट झालं की तोच कागद पुन्हा पुढे ठेवायची. कविता शिकवताना मात्र तिचा चेहरा बदलायचा. तिच्या शाळेत मुलं कविता डोलत म्हणायची, आमच्या मदरशात मुलं सबक म्हणतात तशीच. तीही डोलत म्हणायची, मला एक अक्षर कळायचं नाही. मग ती आपल्या माझगावी मराठीत अर्थ सांगायची. चंद्र, नदी, दूर गेलेला भाऊ, पाठवलेलं आणि न पोचलेलं पत्र. कोळणीच्या बोलीत ते ऐकताना हसू यायचं आणि मग थोड्या वेळाने मला आमची खाडी आठवायची.

पासष्टच्या वसंतात मला मुलगी झाली. खाला बघायला आली, बोटांवर मोजून म्हणाली, "सापाचं वरीस." माझा चेहरा पडला. आमच्या कोकणात सापाचं नाव संध्याकाळी घेत नाहीत. तिने बाळाच्या कपाळावरून बोट फिरवलं. "आम्ही साप नाय म्हणत. लहान ड्रॅगन म्हणतो. हुशार होईल, बघ."

खालाच्या घरी साळुंकीला मान होता. डॉक्टर रोज सकाळी पिंजऱ्यावर कापड टाकून साळुंकीला खाडीकाठी फिरायला न्यायचे. तिथे पिंजरा एका खुंटीला टांगायचे आणि स्वतः बाकड्यावर बसायचे. पलीकडे जायला अबऱ्यात, तिथल्या होडीत, चढणारे लोक हसायचे. पण वाळवंटातले बदू हसत नसत. एकदा एक म्हातारा बदू हातावर ससाणा घेऊनच दात काढायला आला. साळुंकीला आतल्या खोलीत न्यावं लागलं. दात निघाल्यावर दोघे म्हातारे तासभर पक्ष्यांबद्दल बोलत बसले. एकाला अरबी येत होती, दुसऱ्याला हिंदी, आणि दोघांनाही सगळं समजलं.

आतल्या खोलीत एक लांबट लाकडी पेटी होती, खालाच्या बापाने बनवलेली. तिच्यात गुंडाळ्या करून ठेवलेली चित्रं होती. वर्षातून दोनदा ती हवेला काढायची. बाप दिवसा गोदीत रंधा मारायचा आणि संध्याकाळी चित्रं काढायचा. वाऱ्यातला बांबू, कमळाखालचा मासा, खेकडे, एका पायावर उभा करकोचा. मला सगळ्यांत आवडायची ती म्हैस. गुडघाभर नाही, नाकापर्यंत पाण्यात बुडालेली, आणि तिच्या पाठीवर बगळा. आमच्या खाजणातली म्हैस कोणी उचलून कागदावर ठेवावी तशी. मी बघता बघता म्हणाले, "ही तर आमची." खाला म्हणाली, "आमची पण. भात जिथं, तिथं ही." चित्राच्या कडेला बापाची स्वतःची कविता होती. तिने अर्थ सांगितला तो मी घरी जाऊन लिहून ठेवला होता:

पाऊस थांबला तरी म्हैस पाण्यातून निघत नाही.
बगळ्याला वाटतं, हे बेट आपलंच आहे.
गाव सोडून मला तीस वर्षं झाली;
पाय अजून चिखलातच आहेत.

तिला एक मुलगा आहे, हे तिने मला बऱ्याच उशिरा सांगितलं. चीनशी झालेल्या बासष्टच्या लढाईनंतर एका सकाळी पोलीस आले आणि तिच्या म्हाताऱ्या बापाला घेऊन गेले. तो चीनमध्ये जन्मलेला, एवढंच. बापाला नीट ऐकू येत नव्हतं. खालाचा एकुलता एक मुलगा, तेव्हा बावीस वर्षांचा, म्हणाला मी आजोबांसोबत जातो. त्यालाही नेलं. राजस्थानातल्या छावणीत दोघे काही महिने होते. मग ज्यांना चीनला जायचं असेल त्यांच्यासाठी बोट आली. म्हाताऱ्याला आपल्या गावात मरायचं होतं. मुलगा त्याला एकट्याला कसा सोडणार?

"मला इचारायला वेळ नव्हता," खाला म्हणाली. "पत्र आलं तेव्हा बोट गेली होती."

मुंबईत मग शाळा बंद झाली. शेजारी वाईट नव्हते, पण डॉक्टरांकडे दात दाखवायला येईनासे झाले. दुबईच्या एका जुन्या अरब पेशंटने सांगितलं, आमच्याकडे या, तिथे दात सगळ्यांचे दुखतात. म्हणून ते आले.

गल्लीत टपाल यायचं नाही. त्यांची पत्रं माझ्या नवऱ्याच्या पेढीच्या पेटीत यायची. मुलगा हाँगकाँगच्या नातेवाइकाला लिहायचा, तो पुढे पाठवायचा. नवरा पाकीट घरी आणायचा आणि मी कडेवर मुलगी घेऊन धावत ते द्यायला जायचे. खाला आधी हात धुवायची. मग मोठ्याने वाचायची, आणि माझ्यासाठी मराठीत सांगायची. आजोबा गावी पोचून दुसऱ्या वर्षी वारले. मुलगा तिथल्या शाळेत शिकवत होता. पत्राच्या शेवटी तो नेहमी चार ओळींची कविता लिहायचा, आणि खाला पेन्सिलीने त्यातल्या चुका सुधारायची. सुधारलेली कविता ती उत्तरासोबत परत पाठवायची.

मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला खालाने आपल्या रीतीने ताट मांडलं. मूल ताटातलं जे उचलेल त्यावरून पुढे काय होईल ते ओळखायचं. ब्रश, पुस्तक, कात्री, मोजपट्टी, फळ. डॉक्टरांनी गुपचूप दात काढायचा चिमटा ठेवला. मुलीने तोच उचलला आणि सोडेना. त्या दिवशी खाला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तशी हसताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

त्याच उन्हाळ्यात पत्रं आखूड व्हायला लागली. कविता येईनाशी झाली. खालाने विचारलं, कविता का नाही? उत्तर आलं त्यात त्या प्रश्नाचा उल्लेखच नव्हता. मग थंडी सुरू होताना एक पत्र आलं. ते तिने मोठ्याने वाचलं नाही. दोनदा मनात वाचलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. नंतर तिने मला सांगितलं.

मुलाने लिहिलं होतं, इथे आता क्रांतीच्या नावाने जुनी चित्रं, जुनी पुस्तकं जाळतात. आजोबांचं जे काही होतं ते मी जाळलं. परदेशात कोण आहे, त्यांच्याकडे काय आहे, ते इथले अधिकारी मला विचारतात. तुमच्याकडची चित्रं जाळा आणि जाळली असं तुमच्या हाताने लिहून पाठवा. मला ते पत्र दाखवावं लागेल.

"लिहून टाक," डॉक्टर हिंदीत म्हणाले. "जला दिया, खलास. इथे कोण बघायला येतंय?"

"मी खोटं लिवणार नाय."

"अगं, मुलाच्या जिवासाठी!"

"त्याच्या जिवासाठीच," ती म्हणाली. "बावीस वर्सं पोरांना सांगितलं, शाईत खोटं चालत नाय. त्याला पण सांगितलं. खोटं लिवलं आणि त्याला काय झालं तर?"

मी म्हणाले, "खाला, मला दे. माझ्या घरी ठेवते. म्हणजे तुझ्याकडे नाहीत, हे खरंच होईल." "जाळलं असं लिवायचंय," ती म्हणाली आणि पेटी पुढे ओढली.

जुम्म्याच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. नवऱ्याने पेढीचा पिकअप ड्रायव्हरसकट मागून आणला होता. खाडीचं तोंड समुद्राला मिळतं तिथे ओहोटीच्या वेळी जायचं, म्हणजे राख पाण्याबरोबर बाहेर जाईल, असं तिने ठरवलं होतं. डॉक्टर आले नाहीत. ते पिंजरा घेऊन दुसऱ्या बाजूला फिरायला गेले. खाला ड्रायव्हरजवळ पुढे बसली. मी मागे पेटीजवळ बसले. मुलगी शेजारणीकडे ठेवली होती.

रस्ता वाळूचा होता, गाडी हिंदकळत होती. पेटीला कुलूप नव्हतं. मी झाकण उघडलं. कुठल्या गुंडाळीला कुठला दोरा आहे ते मला पाठ होतं. म्हशीची गुंडाळी काढली आणि बुरख्याच्या आत, काखेत धरली. हे मी आधी ठरवलं नव्हतं.

तिथे पोचल्यावर तिने एका पत्र्याच्या टबात एकेक चित्र उघडलं. प्रत्येक उघडायची, वरपासून खालपर्यंत बघायची, मग पेटवायची. तिच्या विद्यार्थ्यांच्या काही वह्या होत्या, त्याही. कागद जुना होता, लगेच पेटायचा. खेकडे, मासा, बांबू. करकोच्याच्या वेळी ती थांबली आणि काहीतरी पुटपुटली. मी मोजत होते, तिच्या लक्षात येईल म्हणून घाबरत होते. पण तिचे डोळे भरलेले होते, आणि धूर होता. शेवटी तिने पेटी रिकामी आहे का ते हात घालून पाहिलं. टब उचलायला मी एका हाताने मदत केली. दुसरा हात मला बुरख्याबाहेर काढता येत नव्हता.

"हात दुखतो काय गो?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

घरी जाऊन तिने शाई उगाळली आणि पत्र लिहिलं. सगळं जाळलं, एकही उरलं नाही, तुझ्या आईने स्वतःच्या हाताने जाळलं. मला वाचूनही दाखवलं.

त्या पत्राला उत्तर आलं नाही.

पहिले दोन महिने आम्ही म्हणत होतो, उशीर होतो. मग खालाने हाँगकाँगला लिहिलं. त्यांनी कळवलं, तुमचं पत्र पुढे पाठवलं, आमच्याकडेही काही आलेलं नाही. नवरा संध्याकाळी घरी आला की मी त्याच्या हातांकडे बघायचे. तो चप्पल काढता काढता मान हलवायचा. मग मला खालाकडे जाऊन नाही म्हणून सांगावं लागायचं. पुढे पुढे ती विचारायची बंद झाली. मी दारातून आत आले की माझ्या तोंडाकडे बघायची, आणि कपात चहा ओतायला लागायची.

चित्र मी गादीखाली ठेवलं होतं. मला रात्री झोप येईनाशी झाली. ती म्हणाली होती, खोटं लिवलं आणि त्याला काय झालं तर. पत्र तिने खरं लिहिलं होतं, खोटं मी केलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वेडी आहेस का? हजारो मैलांवर काय झालं, त्याचा तुझ्या गादीशी काय संबंध?" मला ते कळत होतं. तरी मी नमाजात माफी मागायचे, आणि माफी मागूनही चित्र परत द्यायचे नाही. असं सव्वा वर्ष गेलं.

शेवटी एका दुपारी मी ती गुंडाळी ओढणीत घेऊन गेले आणि तिच्यापुढे ठेवली. दोरा बघताच तिने ओळखलं. तिने हात धुतले, पुसले, आणि जमिनीवर ते उघडलं. बगळ्यावर बोट ठेवलं. मग कवितेच्या शेवटच्या ओळीवर.

"कधी काढलंस?"

"गाडीत."

"मी पत्र लिवत होते तेव्हा तू समोर बसली होतीस."

"हो."

"मी तुला वाचून दाखवलं."

"हो, खाला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चित्र गुंडाळलं, उठली, आत गेली आणि मध्ये पडदा ओढून घेतला. मी अर्धा तास बसून राहिले. मग उठून घरी आले.

दीड महिना मी गेले नाही. मग एके दिवशी डॉक्टर स्वतःच आले. दारातच उभे राहिले, मुलीच्या हातावर साखरेचा खडा ठेवला.

"चल बेटी," ते म्हणाले. "ती रोज ते काढून बघते. मी बाहेर गेलो की काढते. तिला वाटतं मला ठाऊक नाही."

"माझ्यावर रागावलीय ना?"

"तुझ्यावर थोडी. स्वतःवर जास्त. ते वाचलं म्हणून तिला आनंद झाला, त्याचा तिला राग येतो."

मी गेले. तिने चहा दिला. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पण ती थकली होती. मला शिकवायचं तिने सोडून दिलं; मी आणलेले कागद कोपऱ्यात तसेच पडून राहायचे. साळुंकी त्या उन्हाळ्यात मेली. डॉक्टरांनी दुसरा पक्षी आणला नाही, पण सकाळी खाडीवर जाऊन त्याच बाकड्यावर बसायचे.

अडुसष्टच्या शेवटी त्यांना कॅनडाचा व्हिसा मिळाला. तिथे डॉक्टरांची बहीण होती. निघायच्या आदल्या दिवशी मी तांदळाच्या पिठाचे घावणे घेऊन गेले. खोली रिकामी होती, खुर्ची एका इराण्याने विकत घेतली होती. खालाने लोकरी कोट घालून दाखवला, आणि दुबईत घामाघूम होऊन पुन्हा काढला. आम्ही दोघी हसलो. मग तिने माझा हात धरला.

"नवीन पत्ता पेढीत देऊन ठेव," ती म्हणाली. "पत्र आलं तर."

"देते."

"उशिरा आलं तरी पाठव. वरसाने आलं तरी."

"पाठवते, खाला."

नवऱ्याने तो पत्ता पेढीतल्या टपालाच्या फळीवर टाचणीने लावून ठेवला. पत्र आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांचं पत्र आलं, इंग्रजीत, थरथरत्या अक्षरांत. नवऱ्याने वाचून दाखवलं. खालाला न्यूमोनिया झाला आणि ती आठ दिवसांत गेली. मुलाची अजून काही खबर नाही. शेवटच्या दिवशी ती फक्त मराठीत बोलत होती, आणि तिथल्या नर्सला काही समजत नव्हतं. म्हशीचं चित्र तिच्याबरोबर शवपेटीत ठेवलं, तुला कळवावं असं वाटलं, असं शेवटी लिहिलं होतं.

उत्तर पाठवायला हवं होतं. डॉक्टरांना मराठी वाचता येत नव्हतं, मला इंग्रजी लिहिता येत नव्हतं. नवऱ्याने विचारलं, काय लिहू? मी सांगायला सुरुवात केली, आणि मला काहीच सांगता येईना. त्याने पेढीच्या टाइपरायटरवर चार ओळी टाइप करून आणल्या. बातमी ऐकून अतिशय दुःख झालं, अल्ला तुम्हाला धीर देवो, असं काहीतरी. त्याने मला अर्थ सांगितला. मी म्हटलं, ठीक आहे. खाली मराठीत सही केली आणि दुसऱ्या दिवशी ते टपालात पडलं.